मणक्यांची झीज: फोटो, दुखणे आणि मजुरी

पन्नाशी उलटलेल्या माणसाने कंबर धरली की निपाणी-चिकोडी-बेळगाव पट्ट्यात पुढचा प्रवास बहुधा ठरलेला असतो. आधी घरचा शेक आणि मालीश, मग गावातले इंजेक्शन, मग एक्स-रे, शेवटी एमआरआय. फिल्मचा मोठा लिफाफा काखेत मारून माणूस बेळगाव, कोल्हापूर, मिरज अशी फेरी करतो आणि परत येताना एखादे वाक्य घेऊन येतो: ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली आहे’, ‘शीर दबली आहे’. त्या वाक्यावर पुढची वीस वर्षे काढणारी माणसे गावोगाव आहेत. कोणी वाकणे सोडले, कोणी चालणे सोडले, कोणी कमरेचा पट्टा झोपतानाही काढत नाही.

वयानुसार होणाऱ्या मणक्यांच्या झिजेबद्दल गेल्या तीन-चार दशकांत वैद्यकाने आपली बरीच मते बदलली आहेत. ती या भागातल्या ओसरीपर्यंत अजून नीट पोचलेली नाहीत. म्हणून हा आढावा: झीज म्हणजे काय, ती दुखते का, कोणाची दुखते आणि कशाने खरोखर फरक पडतो.

गादीत काय घडते

मानेपासून कमरेपर्यंत हलणारे मणके चोवीस. त्यांच्यामधल्या गाद्या तेवीस, कारण मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमध्ये गादी नसते. प्रत्येक गादीला बाहेरून चिवट तंतूंची कडी आणि आत पाणी धरून ठेवणारा मऊ गर असतो. लहानपणी या गरात ऐंशी टक्क्यांहून अधिक पाणी असते, वय वाढते तसे ते घटत जाते. मोठ्या माणसाच्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. वरच्या-खालच्या मणक्याच्या पृष्ठभागातून जे झिरपते त्यावर ती जगते, म्हणून तिची मोडतोड सावकाश भरून निघते. दिवसभराच्या भाराने गाद्या किंचित दबतात, रात्री आडवे झाल्यावर पुन्हा पाणी ओढतात. सकाळी मोजलेली उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जास्त भरते ती यामुळे.

पाणी घटले की गादीची उंची कमी होते. एक्स-रेमध्ये दोन मणक्यांमधली जागा अरुंद दिसते. रुग्णाच्या तोंडी तिचाच ‘गॅप’ होतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते मणके एकमेकांपासून सुटले! गादी बसली की मागच्या छोट्या सांध्यांवर भार वाढतो, मणक्यांच्या कडांना हाडाचे कोंब फुटतात, आतले पिवळे बंध जाड होतात. कॅनडातले शल्यविशारद कर्कल्डी-विलिस यांनी या क्रमाचे तीन टप्पे सांगितले होते: आधी सांध्याचे काम बिघडते, मग तिथे सैलपणा येतो, शेवटी शरीरच कोंब आणि जाड बंधांनी तो भाग आवळून धरते. साठी-सत्तरीच्या पुष्कळ लोकांची पाठ ताठर होते पण पूर्वीइतकी दुखत नाही, त्याचे एक कारण या तिसऱ्या टप्प्यात असावे.

फोटोत दिसते ते दुखतेच असे नाही

या विषयातली सर्वांत मोठी उलथापालथ एमआरआयनेच घडवली. पाठ मुळीच न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय काढून पाहिले तेव्हा त्यांच्याही गाद्या झिजलेल्या, फुगलेल्या निघाल्या. २०१५ साली अशा ३३ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. त्यात तक्रार नसलेली ३,११० माणसे होती. विशीतल्या ३७ टक्के, पन्नाशीतल्या ८० टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्यांत झीज दिसली. पन्नाशीला पोचलेल्या दर दहांपैकी सहा जणांची गादी फुगलेली होती आणि त्यातल्या एकाचीही पाठ दुखत नव्हती.

याचा अर्थ झीज खोटी असा नव्हे. पांढऱ्या केसांसारखी ती वयाची खूण आहे, आणि दुखण्याचे कारण म्हणून तिच्याकडे बोट दाखवण्याआधी पुरावा लागतो. दुखणे कोणत्या बाजूला आहे, पायात कोणत्या पट्ट्यात उतरते, कोणता स्नायू लुळा पडला आहे, हे हाताने तपासून फोटोशी जुळले, तरच फोटोला किंमत. अहवालातल्या ‘एल-फोर एल-फाइव्ह डिस्क बल्ज’ या ओळीवर एकट्याने निदान होत नाही.

दुसरा धक्का फिनलंडमधून आला. एकसारख्या जुळ्या भावांच्या ११५ जोड्या घेऊन १९९५ साली संशोधकांनी पाहिले की एकाने आयुष्यभर जड काम केले आणि दुसऱ्याने हलके, तर कोणाच्या गाद्या जास्त झिजतात. कामाच्या भाराचा वाटा अगदी थोडा निघाला, अनुवंश आणि लहानपणच्या समान परिस्थितीचा मोठा. ‘ओझी उचलून मणके झिजले’ हे आपल्याकडचे सरसकट विधान त्यामुळे जपून करावे लागते.

मग कष्टकऱ्याचीच कंबर जास्त का धरते? झीज आणि दुखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुखण्यावर कामाचा परिणाम स्पष्ट आहे. वाकून उचलणे, कंबर पिळणे, तासन्‌तास एकाच बैठकीत राहणे, गाडीचे हादरे, अपुरी झोप, मनावरचा ताण आणि कामात उसंत न मिळणे, या साऱ्यांनी दुखणे वाढते आणि रेंगाळते. दोघांच्या फोटोत झीज सारखीच, पण ज्याला दुखले की थोडे थांबता येते तो सावरतो. ज्याला थांबता येत नाही त्याचे दुखणे मुरते.

या मातीतली कामे

निपाणीची ओळख तंबाखूची. तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली १९८१ साली इथे पुणे-बेंगळुरू रस्त्यावर शेतकऱ्यांनी ठिय्या मारला आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. त्याच काळात वखारींतल्या बायका संघटित होत होत्या. युगांतर या गटाने त्यांच्यावर १९८२ साली केलेला माहितीपट इंग्रजीत ‘टोबॅको एम्बर्स’ या नावाने ओळखला जातो.

विड्या वळण्याचे काम जवळून पाहावे. बाई जमिनीवर बसते, मांडीवर सूप. भिजवलेले पान पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचे, चिमूटभर जर्दा भरायचा, वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा. हात छातीच्या खाली, नजर बोटांवर, त्यामुळे मान पुढे झुकलेली आणि खांदे आत ओढलेले. मजुरी हजारावर मिळते आणि हजार पुऱ्या करायला बहुतेकींचा सबंध दिवस जातो. तपासणीत खराब ठरलेल्या विड्या छाटल्या जातात त्या वेगळ्याच. अशा बाईला कोणी ‘आठ दिवस विश्रांती घ्या’ असे लिहून दिले तर तो सल्ला औषधापेक्षा महाग पडतो.

बाकीची कामेही पाठीला सोपी नाहीत. संकेश्वर-निपाणीच्या कारखान्यांकडे जाणारा ऊस तोडायचा तो कमरेत वाकून, आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवायची. खानापूरकडे भाताची रोपलावण पाण्यात ओणवे राहून होते. बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग भागात यंत्रमागावर तासन्‌तास उभे राहायचे, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत जड साचे सरकवायचे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जे भौगोलिक मानांकन मिळाले त्यात बेळगावसह कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. ती चप्पल शिवणारे कारागीरही मांडी घालून, मान खाली घालूनच काम करतात. ट्रॅक्टरवरच्या चालकाला सतत हादरे बसतात, आणि हादऱ्यांचा कंबरदुखीशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे.

बैठक बदलणे हा इथला सर्वांत स्वस्त उपाय. विडी वळताना भिंतीला पाठ टेकवावी, ढुंगणाखाली पाट किंवा घट्ट उशी घेऊन कंबर थोडी उंचावावी, सुपाखाली दुसरा पाट ठेवून ते छातीच्या जवळ आणावे, उजेड नीट असावा, चाळिशीचा चष्मा टाळू नये. अर्ध्या तासाने उठून घागर भरून आणावी, दोन पावले चालावे. ‘योग्य बैठक’ म्हणून एकच एक बैठक नसते. ती दर थोड्या वेळाने बदलणे हाच तिचा योग्यपणा.

चालताना थांबावे लागते तेव्हा

साठीनंतरचा एक प्रकार मात्र खास झिजेचाच. बसलेली गादी, जाड झालेले बंध आणि हाडाचे कोंब मिळून नसांची वाट अरुंद करतात. डच शल्यविशारद फेर्बीस्ट यांनी १९५४ साली याचे नेमके वर्णन केले. असा माणूस शंभर-दोनशे पावले चालला की पोटऱ्या-मांड्या भरून येतात, मुंग्या येतात, पाय जड होतो. तो कट्ट्यावर बसतो किंवा गुडघ्यावर हात टेकून वाकतो आणि दोन-चार मिनिटांत बरे वाटते. बाजारातून चालत येववत नाही, पण सायकलच्या हँडलवर भार टाकून तीच सायकल ढकलत घरापर्यंत येता येते. कारण पुढे वाकले की ती अरुंद वाट थोडी रुंद होते.

तंबाखूच्या मुलखात इथे एक घोटाळा होतो. विडी-सिगारेटने पायाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या तरी चालताना पोटऱ्या धरतात. फरक असा: रक्तवाहिनीच्या दुखण्यात नुसते उभे राहिले तरी आराम पडतो, वाकायची गरज नसते. सायकल चालवतानाही पोटरी दुखते, पाय थंड लागतो, पावलावरची नाडी लागत नाही. मणक्याच्या दुखण्यात सायकल चालते, पण ताठ उभे राहणे छळते. पावलावर हात ठेवून नाडी पाहायला दोन मिनिटे लागतात, आणि एवढ्यानेही दोन वेगळ्या आजारांची वाट वेगळी करता येते. काही जणांना दोन्ही असतात. धूम्रपानाचा गाद्यांच्या झिजेशी आणि कंबरदुखीशीही संबंध दिसला आहे. विडी सोडणे म्हणूनच पाठीच्या उपचारातही मोडते.

मान आणि ठिसूळ हाडे

मानेतली झीज बहुतेक वेळा आखडण्यावर भागते. पण तिथे मज्जारज्जूवर दाब आला तर लक्षणे दुखण्यापेक्षा वेगळी असतात, म्हणूनच ती निसटतात. सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, विडीला दोरा बांधताना बोटे अडखळतात, चालताना तोल जातो, चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही. हे ‘वयामुळे’ म्हणून सोडायचे नाही. महिने घालवले तर गेलेली शक्ती पुरती परत येईलच याची खात्री नसते. अशा मानेला कोणी झटका देऊन ‘बसवू’ पाहत असेल तर तिथून उठून यावे.

पाळी गेल्यानंतर बायकांच्या हाडांतला चुना झपाट्याने कमी होतो. मग बादली उचलताना, कधी नुसते खोकताना, पाठीचा मणका दबून चेपतो. उंची घटते, पाठीला बाक येतो आणि घरातले म्हणतात, ‘आजी आता वाकल्या.’ हा चेपलेला मणका गादीच्या झिजेपेक्षा वेगळा आणि त्याचे औषधही वेगळे. रोजच्या आहारात हजार मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास ते मिळते, आणि चंदगड-खानापूर भागाला नाचणीची भाकरी काही नवी नाही. दूध, ताक, तीळ, अंगावर ऊन आणि रोजचे चालणे, हे सोबतीला हवेच.

इथे एक इशारा. बिनलेबलच्या पुड्या आणि ‘एका डोसात फरक’ पाडणाऱ्या गोळ्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याची उदाहरणे देशभर आहेत. त्याने आठवड्यात दुखणे पळते आणि काही महिन्यांत हाड पोखरते.

वाट पाहू नये अशी लक्षणे

बहुतांश कंबरदुखी जिवाला धोका नसलेली असते. पण पुढीलपैकी काही असेल तर शेक-मालीश बाजूला ठेवून थेट मोठे हॉस्पिटल गाठावे.

– लघवी अडणे किंवा नकळत होणे, बसायच्या जागी बधिरपणा, दोन्ही पायांतली शक्ती जाणे. इथे दिवस नव्हे, तास मोजायचे.
– संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्री झोपमोड करणारे दुखणे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत आणि क्षय मणक्यालाही होतो. त्यावर नेमके औषध आहे.
– पूर्वी कॅन्सर झालेला असणे, किंवा पडल्यानंतर सुरू झालेले तीव्र दुखणे.
– पावलाची शक्ती कमी होत जाणे, चप्पल घासत चालणे.

कशाला किती आधार

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीवर पहिली मार्गदर्शिका काढली. नियमित व्यायाम, दुखण्याबद्दल नीट समजावून सांगणे आणि मनाच्या अंगाने होणारे उपचार यांना तिने स्थान दिले आहे. मालीश आणि प्रशिक्षित हाताने केलेले सांध्यांचे उपचार चालतील असे म्हटले आहे. वजन लावून ओढणे, कमरेचे पट्टे आणि अफूवर्गीय वेदनाशामके यांची सरसकट शिफारस करू नये, असे त्यात स्पष्ट आहे. आपल्याकडच्या सवयींशी ताडून पाहिले तर ज्यांवर सर्वाधिक खर्च होतो तेच उपाय या यादीत खालच्या बाजूला आहेत.

अंथरुणावर पडून राहण्याचा सल्ला तर कधीचाच बाद झाला आहे. १९८६ साली अमेरिकेतल्या अभ्यासात दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांइतकीच गुणकारी ठरली आणि कामाचे दिवस कमी बुडाले. १९९५ साली हेलसिंकीत त्याहून पुढची गोष्ट दिसली: झेपेल तेवढी नेहमीची कामे चालू ठेवणारे अंथरुणावर पडणाऱ्यांपेक्षा लवकर सुधारले. २०२४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांच्या चाचणीत, फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली टप्प्याटप्प्याने चालणे वाढवणाऱ्यांची कंबर पुन्हा धरायला मध्यकाच्या हिशेबाने २०८ दिवस लागले. तसा कार्यक्रम नसलेल्यांना ११२. चालायला पैसे लागत नाहीत आणि सीमाभागात रस्त्यांना तोटा नाही.

व्यायाम मात्र दुखण्याच्या जातीप्रमाणे. नसांची वाट अरुंद झाली असेल तर उताणे झोपून गुडघे छातीशी घेणे, सायकल चालवणे सोसते, मागे झुकणे सोसत नाही. गादीमुळे पायात कळ उतरत असेल तर उलट अनेकांना पालथे झोपून मागे झुकल्याने आराम पडतो. हाडे ठिसूळ असतील तर सूर्यनमस्कारातले पुढे खोल वाकणे टाळावे. पाठीचे, पोटाचे आणि नितंबाचे स्नायू बळकट करणे सर्वांनाच चालते. औषधांत सूज उतरवणाऱ्या गोळ्या थोड्या दिवसांपुरत्या उपयोगी पडतात. पण साठीपुढे मूत्रपिंड, जठर आणि रक्तदाब पाहिल्याशिवाय मेडिकल दुकानातून आणून महिनोन्‌महिने घेऊ नयेत. शहापुरातले केएलईचे आयुर्वेद महाविद्यालय १९३३ पासून चालू आहे आणि कटिबस्तीसाठी, म्हणजे कमरेवर कोमट तेल धरून ठेवण्याच्या उपचारासाठी, तिथे जाणारे पुष्कळ आहेत. उबेने स्नायू सैल होतात आणि आराम वाटतो. गादीची उंची त्याने परत येत नाही, तशी ती कुठल्याच औषधाने येत नाही.

ऑपरेशनचा प्रश्न

‘मणक्याचे ऑपरेशन केले की माणूस अंथरुणाला खिळतो’ आणि ‘ऑपरेशनशिवाय सुटका नाही’, ही दोन्ही टोके गावात भेटतात. गादी बाहेर येऊन पायात कळ उतरली तर बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत पुष्कळ आराम पडतो. बाहेर आलेला गर शरीर अनेकदा स्वतःच शोषून घेते. त्यानंतरही कळ असह्य असेल, किंवा पायाची शक्ती जात असेल, तर दाबणारा तुकडा काढल्याने पायाचे दुखणे लवकर शमते. नसांची वाट मोकळी करण्याच्या शस्त्रक्रियेनेही पुष्कळांचे चालणे सुधारते. मात्र नुसत्या कंबरेच्या दुखण्यासाठी, केवळ फोटोत झीज दिसते म्हणून केलेल्या शस्त्रक्रियेचा भरवसा कमी.

स्क्रू-पट्ट्या घालून मणके जोडण्याबद्दल विशेष सावधपणा हवा. २०१६ साली स्वीडनमधल्या २४७ रुग्णांच्या अभ्यासात अरुंद वाट मोकळी करताना सोबत मणके जोडल्याने दोन वर्षांनंतरही जास्त फायदा दिसला नाही, खर्च मात्र वाढला. मणके सरकत असतील, पाठीला बाक येत असेल, अशा ठिकाणी त्याची जागा आहे. रुग्णाने डॉक्टरांना चार प्रश्न विचारायलाच हवेत: ऑपरेशन कमरेसाठी की पायासाठी? माझ्या तपासणीतल्या खुणा फोटोशी जुळतात का? तीन महिने थांबलो तर काय बिघडेल? स्क्रू घालणे खरोखर गरजेचे आहे का?

सीमेवरची अडचण

बेळगावात १९६३ पासून जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आहे, बिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. उत्तरेला मिरज आणि कोल्हापूर हाकेच्या अंतरावर. डॉक्टरांचा दुष्काळ नाही. अडचण कागदांची आहे. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक एका बाजूला, महात्मा फुले जनआरोग्य योजना दुसऱ्या बाजूला. २०२३ साली महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली योजना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि कर्नाटकाने त्यावर हरकत घेतली. रुग्णाला दोन्हीकडचे दरवाजे ठोठावावे लागतात. शिवाय या योजनांचा भर हॉस्पिटलात भरती होऊन होणाऱ्या उपचारांवर आहे. सहा आठवडे फिजिओथेरपिस्टकडे जाणे, बसायची पद्धत शिकणे, विडी सोडणे या गोष्टींना पैसे देणारे कोणी नाही.

विडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी उभा राहिला होता. त्याला पैसा पुरवणारा उपकर २०१७ मध्ये जीएसटीबरोबर संपला. पुढची तरतूद केंद्राच्या अर्थसंकल्पावर आली. निधी कुठूनही येवो, त्यातून वळणाऱ्या बाईसाठी पाठ टेकायची बैठक, नीट उजेड आणि गावातच आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्ट, एवढे तरी मिळायला हवे. हजारी मजुरी पुरेशी असेल तरच अर्ध्या तासाला उठणे परवडते. मजुरीच्या मागणीत पाठीची मागणीही धरली पाहिजे.

झीज कोणाला चुकलेली नाही, चुकणारही नाही. वाट पाहू नये अशी लक्षणे नसतील तर लिफाफा कपाटात ठेवावा आणि आजपासून चालायला लागावे. ती लक्षणे असतील तर आजच निघावे.